ध्रुवपदाला शब्द नाहीत

सुगत,

तुझी गिटार आत्ता माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे. तिला सीटबेल्ट लावलाय. प्रेमाने वगैरे नाही. बेल्ट लावला नाही तर गाडीला वाटतं कुणी माणूस बसलंय, आणि ती सनीव्हेलभर टिंगटिंग करत राहते. "बघ सोलापूर, गाडीलासुद्धा कळतं," असं तू, मला नेहमी माझ्या गावाच्या नावाने हाक मारणारा, म्हणाला असतास. मी उत्तर द्यायला तोंड उघडलंही होतं. पंचवीसेक वर्षांची भांडायची सवय आहे, तीन आठवड्यांत मोडत नाही.

तीन आठवडे झाले तुला जाऊन. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीकडे चालता चालता तू खाली बसलास, आणि मग कुणाच्या हातात काही राहिलं नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना फोनवर सांगितलंय की आता त्यात तू उरला नाहीस, नुसतं वाक्य उरलंय. नागपूरहून फोन, पुण्याहून फोन, जर्सी सिटीहून फोन. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. शुभा बोलायच्या स्थितीत नव्हती, म्हणून तुझ्या बायकोच्या वाटणीचं सगळं बोलणं माझ्याकडे आलं. मी दमलेय, सुग्या. माणूस रडून दमत नाही, सांगून दमतो. हे तूच म्हणायचास, वेगळ्या संदर्भात, आणि मी तुला आळशी म्हणायचे.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याच शाळेच्या हॉलमध्ये, जिथे आपली दर एप्रिलची जयंती होते. पण त्याआधीचं सांगते, कारण भांडण तिथे आहे.

आठवडाभरापूर्वी मैत्री लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तुझी लेक आता कॉलेजात आहे हे अजून मला खरं वाटत नाही. दारात उभी राहिली तर तुझाच उतरलेला खांदा. तिला कार्यक्रमात आपल्या बँडचं ते गाणं वाजवायचं होतं, तुझ्या गिटारवर, आणि मी बेस गिटार वाजवायची. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे: कुठलंही गाणं असो, शब्द पडद्यावर दिसले पाहिजेत, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मुलांना देवनागरी वाचता येत नाही. तिने जुन्या रेकॉर्डिंगवरून दोन्ही कडवी उतरवून घेतली होती. बसथांबा, ओला कोट, घरी न केलेला फोन, सगळं बरोबर. ध्रुवपदापाशी स्लाइड रिकामी.

"आत्या, कोरसमध्ये डॅड काय म्हणतो? मी स्लो करून ऐकलं, हेडफोन लावून ऐकलं. आय कान्ट गेट इट."

"काहीच म्हणत नाही."

"मीन्स?"

"म्हणजे शब्दच नाहीत बाळा. तोंडातल्या तोंडात आवाज काढलाय नुसता."

"ओके. सो व्हॉट डू आय पुट ऑन द स्लाइड?"

तुला खरं सांगते, तेवढ्या दुःखातही माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ज्या चार ओळींसाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, त्या लिहायला आता मला कुणी अडवणार नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवस थांब, मी देते लिहून.

आता तू भुवया वर करून बघतोयस असं मला दिसतंय. बघ.

रॅली नावाच्या त्या गावात, बसथांब्यावर तू पहिल्यांदा दिसलास तेव्हाही असाच बघत होतास. आपलं एमएसचं पहिलं सत्र, नॉर्थ कॅरोलायनाचा ऑगस्ट, उकाड्याने जीव नकोसा, आणि तुझ्या अंगात जाडजूड फ्लॅनेलचा चौकड्यांचा शर्ट. घामाने निथळत होतास. मी मराठीत विचारलं, "ताप आलाय का?" तू म्हणालास, "नाही, मी ग्रंजवाला आहे." राइस कुकर घ्यायच्या आधी तू तो शर्ट घेतला होतास, जुन्या कपड्यांच्या दुकानातून. पुढे बस येईपर्यंत तू मला सगळं पुराण ऐकवलंस. नागपूरच्या हॉस्टेलमध्ये कुणाच्या तरी मावसभावाने अमेरिकेतून पाठवलेली कॅसेट, तिच्या प्रतींवरून काढलेल्या प्रती, आणि शेवटच्या प्रतीत गाण्यापेक्षा खरखर जास्त. तू म्हणालास की ते संगीतच असं होतं की खरखरीने त्याचं काही बिघडलं नाही.

हे ग्रंज जिथे जन्मलं ते, तुझ्या तोंडून ऐकलेलं सिअ‍ॅटल मला प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त पाठ आहे. देशाच्या पार कोपऱ्यातलं, सदा भुरभुरणारं गाव. मोठे बँड तिथवर दौऱ्याला यायचे नाहीत, मग पोरापोरींनी एकमेकांसाठीच वाजवायला सुरुवात केली. स्वस्त गिटारी, तळघरातले क्लब, गावातल्याच छोट्या रेकॉर्ड कंपन्या. पंक संगीताची घाई घेतली, हेवी मेटलचं वजन घेतलं, तारा सैल सोडल्या आणि आवाज फाटेपर्यंत गिटारचं पायाखालचं पेडल दाबलं. कडवं पुटपुटल्यासारखं, ध्रुवपद किंचाळल्यासारखं. शर्ट फ्लॅनेलचा, कारण थंडी होती आणि तो स्वस्तात मिळायचा. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोन-तीन वर्षांत असं काही झालं की केस फुगवून चकचकीत विजारीत नाचणारे सगळे बँड एकदम जुने दिसायला लागले. त्यानंतर मोठ्या कंपन्या करार घेऊन त्या गावात उतरल्या, फॅशनवाले उतरले, मॉलमध्ये तेच शर्ट चौपट भावाने लागले. त्यातल्या एका गायकाने स्वतःला गोळी घालून घेतली. काही नशेत गेले. उरलेले फुटले.

"म्हणजे आपण पोचेपर्यंत सगळं आटोपलं की," मी म्हटलं. "वरातीमागून घोडं."

"घोडं पोचलं ना?" तू म्हणालास. तेव्हाच मला कळलं की हा माणूस आपल्याला पुरून उरणार आहे.

मग आपला बँड. तू गिटार आणि आवाज, ड्रमवर हैदराबादचा तुझा रूममेट, जो आता टेक्सासमध्ये घरं विकतो, आणि बेसवर मी, कारण मला पेटी यायची आणि तुझ्या मते बेस म्हणजे उभी धरलेली पेटी. तू गिटारच्या सगळ्या तारा खालच्या सुरात उतरवून ठेवायचास, आणि सगळ्यात जाड तार आणखी खाली. मी विचारलं की एवढ्या खालच्या पट्टीत का. तू म्हणालास, वर जायला दम लागतो.

ते एकच गाणं आपण पुरं केलं. पुरं केलं असं तू म्हणायचास. मी कधीच मानलं नाही.

माझी आई सोलापुरात विहारातल्या बायकांना गाणी शिकवायची. तिचा एकच नियम: शेवटच्या रांगेतल्या बाईला शब्द कळला नाही तर गाणं वाया. तुझे बाबा तर जलशाचे गायक. विदर्भातल्या गावोगाव जाऊन, कंदिलाच्या उजेडात, लोकांना शिका म्हणून सांगणारी गाणी गाणारा माणूस. आपण दोघं अशा घरांतले, जिथे गाणं म्हणजे शब्द आणि शब्द म्हणजे वर येण्याची शिडी. आणि तू, त्या बाबांचा मुलगा, ध्रुवपदापाशी येऊन डोळे मिटून नुसतं हूं हूं हां करायचास. मला राग यायचा. अजूनही येतो.

"ते गोरे पुटपुटतात," मी म्हणायचे, "कारण त्यांना परवडतं. त्यांचं ऐकायला जग बसलंय. आपल्याला कुणी दोनदा विचारत नाही. आपण स्पष्ट बोललो नाही तर संपलं."

आणि तू एकदा, बहुतेक एकदाच, नीट उत्तर दिलंस. इकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला नोकऱ्या लागल्यानंतरची गोष्ट. तुझ्या टीममध्ये नवा आलेला आपल्याच देशातला एकजण तुला जेवताना विचारत होता: पूर्ण नाव काय? हां, पण आडनाव? मूळ गाव कुठलं? गावात कुठे? तू सगळं सांगितलंस, हसत. मग माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलास. म्हणालास, "यार, दिवसभर मी स्पष्टच बोलतो. आडनाव स्पष्ट, गाव स्पष्ट, कोड स्पष्ट. इथल्यांना इंडिया एक्सप्लेन करतो आणि इंडियावाल्यांना स्वतःला. एक चार ओळींची जागा ठेवलीय, जिथे मला कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये. तेवढी राहू दे ना."

मी म्हटलं, आळस आहे हा. तू म्हणालास, असेल. आणि चहा मागितलास.

यात माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तू गेलास म्हणून तुझा मुद्दा बरोबर ठरत नाही.

त्या एप्रिलमध्ये तर तू कहरच केलास. जयंतीच्या कार्यक्रमात आपलं गाणं ठेवलंस. त्रिशरण पंचशील झालं, लहान मुलांची इंग्रजी भाषणं झाली, काकूंच्या गटाची भीमगीतं झाली, आणि मग आपण. कडवं शांतपणे गेलं. लोक पडद्यावरचे शब्द वाचत माना हलवत होते. ध्रुवपद आलं, तू पेडलवर पाय दिलास, आणि वामनकाका मागून धावत आले. आयुष्यभर विजेच्या कंपनीत काढलेला माणूस; आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचा साउंड त्यांच्याकडे. त्यांनी अँप्लिफायरचं बटण बंद केलं, वायर उपटली, स्पीकरच्या जाळीवर कान ठेवला आणि माइकवर सगळ्या हॉलला सांगितलं, "दोन मिनिटं बसून घ्या. स्पीकर फाटलाय."

तू हसून हसून स्टेजवर खाली बसलास. "काका, तो फाटलेला नाही, तसाच आवाज काढायचाय!" आणि काका म्हणाले, "बाबा रे, मग दुरुस्त करून घे ना. वॉरंटी असेल." त्यांच्या मनात चांगल्या स्पीकरमधून मुद्दाम फाटका आवाज काढणं बसेचना. जेवणाच्या रांगेतही ते तुला समजावत होते. माझ्या ताटात जिलेबी वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, गाणं छान होतं गं, पण म्हणायचं काय होतं त्याला? मी तुझ्याकडे बघितलं. मी जिंकले होते आणि तुला काही फरक पडला नव्हता.

आपण एकदा सिअ‍ॅटललाही गेलो, आठवतं? मैत्री कडेवर होती. ज्या तळघरासाठी तू एवढी ड्राइव्ह करायला लावलीस, तिथे आता काहीतरी वेगळंच होतं, आणि शेजारच्या दुकानात नवे कोरे शर्ट, कोपरावर आधीच फाडलेले, काचेमागे टांगले होते. मी टोमणा मारायला तयार होते. पण तू पावसात भिजत त्या काचेला नाक लावून उभा राहिलास, आणि मी टोमणा गिळला. परत गाडीत बसल्यावर म्हणालास, "गंमत बघ. ज्यांना कुणाशी बोलायचंच नव्हतं, त्यांचं सगळ्यांना कळलं."

"कळलं नाही, विकलं गेलं," मी म्हटलं.

"दोन्ही झालं असेल," तू म्हणालास, आणि शुभाने मध्ये पडून भूक लागल्याचं जाहीर केलं.

ते संपलं असं मी म्हणत राहिले, आणि तू मला ते कुठेही दाखवत राहिलास. सुपरमार्केटमध्ये भाजी घेताना वरच्या स्पीकरमधून त्यातलंच एखादं गाणं यायचं, आणि तू कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा राहायचास, लोकांच्या ट्रॉल्या अडवत. एके काळी आईबाप ज्या आवाजाला घाबरायचे, त्यावर आता लोक वांगी निवडत होते. मी म्हणायचे, बघ, लोणचं झालं याचं. तू म्हणायचास, लोणचं टिकतं. मैत्री मोठी झाली, तिच्या खोलीतून कुठल्यातरी नव्या मुलीचा आवाज यायचा, कानात सांगितल्यासारखं कडवं आणि मग एकदम भिंत कोसळल्यासारखी गिटार, की तू जिन्यावरून ओरडायचास, "हे आमचं आहे!" ती ओरडायची, "डॅड, नॉट एव्हरीथिंग इज ग्रंज!" पण तुझा तो घामट शर्ट तिनेच कपाटातून पळवला होता, आणि तीन आठवडे झाले, ती तो धुवायला टाकत नाही.

असो. तर मी चार ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या, सुगत. माझी आई खूश झाली असती. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशा, तुझं नाव न घेता तू कोण होतास ते सांगणाऱ्या. मैत्रीने स्लाइड भरली. शुभाला वाचून दाखवल्या तर ती म्हणाली, "छान आहेत गं. पण या तुझ्या आहेत." मी म्हटलं, कुणाच्या तरी असायला हव्यात ना.

शनिवारी सकाळी तुझ्या आईंना व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात रात्रीची जेवणं झाली होती. त्या येऊ शकल्या नाहीत, म्हणून कार्यक्रमात काय काय आहे ते मी त्यांना सांगत होते. ओळी वाचून दाखवल्या. मला वाटलं, जलशाच्या गायकाची बायको, तिला तरी शब्दांची किंमत असेल. त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि मग म्हणाल्या, "चांगलं लिवलं बाई. पण त्या ठिकाणी तर तो हूं हूं करे ना?"

"हो आई. तिथे त्याने शब्दच केले नव्हते."

"त्याचे बाबाही तसेच. कार्यक्रमाहून आले का दोन-दोन दिवस घरी बोलत नव्हते. मले वाटे, रागावले. खाटेवर पडून नुसतं हूं हूं करत राहत, अन् हा पोरगा त्यांच्या पोटावर. शब्द सारे तिकडंच खर्चून येत बापा. घरासाठी तेवढंच उरे."

सुग्या, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. एवढा हुकमाचा पत्ता हातात असून तू तो टाकला नाहीस. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. का तुला स्वतःलाच माहीत नव्हतं? तू त्या गावचा पाऊस, त्या गावच्या तळघरांच्या गोष्टी सांगत राहिलास, आणि ते हूं हूं कदाचित खाटेवरून आलं होतं. मला आता कधीच कळणार नाही. हे मला सगळ्यात जास्त छळतंय, तुझ्या जाण्यापेक्षाही जास्त, की मी कुणाला विचारू.

मी मैत्रीला फोन केला आणि स्लाइड कोरी करायला सांगितली. "आर यू शुअर, आत्या? लोक कन्फ्यूज होतील." मी म्हटलं, होऊ देत. ती म्हणाली, "थँक यू. मला पण तशीच हवी होती. तू एवढं लिहिलंस म्हणून बोलले नाही."

काल हॉल भरला होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, तुझ्या ऑफिसातले दोघं बोलले. तुझा फोटो शुभाने निवडला होता, तो हसरा, ज्यात तुझे डोळे मिटलेत. मग मैत्रीने गिटार घेतली, तुझ्याच उतरलेल्या तारांची, आणि मी बेस. तिचा आवाज तुझ्यापेक्षा बरा आहे, हे तुला मान्य होतंच. कडवं झालं. लोक पडद्यावरचे शब्द वाचत हलकेच गुणगुणत होते. मग पडदा पांढरा झाला, आणि तिने पेडलवर पाय दिला.

भिंती थरथरल्या. पोरीने डोळे मिटले आणि तुझ्यासारखंच, अगदी तुझ्यासारखंच, तोंडातल्या तोंडात सुरू केलं. लोक पांढऱ्या पडद्याकडे बघत होते, मग एकमेकांकडे. तिसऱ्या रांगेतून आपला नवा तरुण स्वयंसेवक लगबगीने उठला आणि अँपकडे निघाला, बटणाकडे हात पुढे करून. मी बेस सोडू शकत नव्हते. मला मागचं सगळं दिसलं, वायर उपटलेली, हॉलभर घोषणा, आणि या वेळी हसायला तू नाहीस.

वामनकाका कडेच्या खुर्चीवर होते. त्यांना आता काठी लागते. त्यांनी ती आडवी धरून त्या मुलाला मध्येच अडवलं. गिटारच्या त्या गदारोळातही मला त्यांचा आवाज ऐकू आला, कारण त्यांना हळू बोलता येत नाही.

"बस खाली. ते तसंच असतं."

तो बसला. काका बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून अँपच्या बाजूला उभे राहिले, गाणं संपेपर्यंत. त्यांनाही काही कळलं नसणार. कुणाला कळायला हवंच असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही.

तुला एक मत मिळालं, सुगत. त्या हॉलमध्ये, त्या माणसाचं मिळालं. माझं मागू नकोस. मी अजून म्हणते की आपल्याला शब्द सोडून चालत नाही, आणि तू असतास तर आत्ता, माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडं ठेवून आपण तासभर भांडलो असतो. पण काल त्या ध्रुवपदात मीही मैत्रीबरोबर गात होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.